मुशैरिबमधला नकाशा

कुणाकडे ऊद जळला की मला दोह्याच्या मुशैरिब भागातलं गुलामगिरीचं संग्रहालय आठवतं. दारातच तो वास होता. भाच्याची सोयरीक ठरत आली होती, आणि आमच्याकडे दोह्याला आलेल्या मुलीकडच्यांना शहर दाखवायला घरातला वाचाळ म्हणून मला धाडलं होतं, सोबत माझी थोरली बहीण, म्हणजे मुलाची आई. आम्ही रत्नागिरीचे, पण मूळचे अरब व्यापारी, हे आम्ही पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगतो. आत आफ्रिकेतून निघालेल्या गलबतांचा नकाशा होता. मुलीचे वडील त्यापुढे थांबले आणि सहज म्हणाले, "आमच्या खापरपणजोबांना असंच आणून मुरुडला विकलं होतं." बहिणीचा चेहरा दगड झाला. मला शांतता सोसवत नाही. मी म्हणालो, "मग भाईसाहेब, मुलगी देताना जुनी पावतीही द्या!" बहीण खळखळून हसली. मुलीचे वडीलही हसले. मुलीने नुसती ओढणी सारखी केली. त्यांना सोडून परतताना बहीण म्हणाली, "खलास. बरं झालं तू बोललास, मला तोंड उघडावं लागलं नाही." सोयरीक मोडली. अजूनही जेवताना भाचरं मागे लागतात, "मामू, काहीतरी गंमत सांगा ना!" तो भाचा तेवढा ताट उचलून आत जातो.