मास्तरांचा साऊंड

नवऱ्याचं नाव घ्यायला मी काय नवी नवरी न्हाई. ज्ञानदेव. खुटबावात त्यांना मास्तर म्हणत्यात, पण शाळा-बिळा काय न्हाई हां, भीमगीतांच्या गायन पार्टीचे मास्तर. पेटी त्यांची, चाल त्यांची, आवाज त्यांचा. चौदा एप्रिल जवळ आली की घरात टेकायचे न्हाईत. एरवी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत, कॉम्प्रेसरवर. सगळी नोकरी तिथंच, तीन पाळ्यांत.

त्या कॉम्प्रेसरच्या खोलीत बोलायचं म्हंजी कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. कंपनी कानात घालायला बुचं द्यायची. आमचे ह्ये ती खिशात ठेवायचे. का हो, म्हणून इचारलं तर म्हणायचे, "अगं, मशीन ठेका धरतंय. त्याच्यावर चाल बसती. बूच घातलं की ठेका जातो." आन् बसवल्या की! पार्टीच्या निम्म्या चाली त्या मशिनीवरच बसवलेल्या. मला मेलीला तवा कौतुकच वाटायचं.

रिटायर झाल्यावर ह्येंची एकच हौस. पार्टीच्या जुन्या प्रोग्रामची कॅसेट व्हती, ती आमच्या दीक्षानं पेनड्राईव्हवर करून आणली. दीक्षा म्हंजी आमची लेक, शिरूरला दिलीया. ती गाणी घरात, झ्याक साऊंडवर, पाय पसरून ऐकायची. लोक गाडी मागत्यात, बंगला मागत्यात. ह्येंनी जल्मात एवढंच मागितलं.

सामान घेतलं सतीश भाऊजींकडनं. दौंडात त्यांचं रेडिओ-टीव्हीचं दुकान हाय, आन् पार्टीत झांज त्यांच्याच हातात असायची. वयानं धाकटे, ह्येंच्या मांडीला मांडी लावून गाण्यात वाढलेले. ॲम्प्लिफायर आन् माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर त्यांनी सोता टेम्पोतनं आणून दिले. लावले तर नुसती घूं घूं. घराला अर्थिंगच न्हाई! भाऊजींनी मोरीमागं खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, तार सोडली, तवा ती घूं थांबली. मग गाणं लागलं आन् माझ्या अंगावर काटा आला. पेटी, ढोलकी, आन् त्याच्यावर झांज कशी, छन् छन् छन्!

ह्ये म्हणले, "झांज कुठाय?"

"वाजतीया की," मी म्हणलं.

"घोंगड्याखाली वाजवल्यावानी. सतीश, झांज दबलीया."

झालं! तिथनं जी साडेसाती लागली म्हणता. स्पीकर कपाटावर चढले, कपाटावरनं उतरले, खिडकीत गेले, बुद्धमूर्तीच्या शेजारी आले. वायरी बदलल्या. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर असतो, ट्विटर म्हणत्यात त्याला, तो भाऊजींनी पदरचा घालून नवा बसवला. सुट्टीच्या दिवशी बायकापोरं सोडून माणूस आमच्या घरात वायरी सोलत बसायचा. आन् ह्येंचं आपलं तेच, झांज दबलीया. मी चिडून म्हणायची, "तुमच्या हातात सोनं ठिवलं तरी पितळच म्हणाल." तर लक्षच न्हाई. हाक मारली तरी ओ न्हाई. मला वाटायचं, रिटायर झाल्यापास्नं माजलाय ह्यो माणूस, बायकोचं ऐकायचं सोडलंय.

एक दिवस ह्ये दौंडला निघाले, संगं मी. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांपुढं ह्येंनी तोंड सोडलं. "दोस्तीत डुप्लिकेट माल खपवलास व्हय रं? माझ्या पार्टीत मोठा झालास आन् मलाच टोपी घातलीस. चोर हाईस तू, चोर!" भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवून सामान नेलं आन् सगळे पैसे परत दिले. पुढच्या चौदा एप्रिलला ते आमच्या गल्लीत आले, निळा फेटा बांधून मिरवणुकीत चालले, पण आमच्या उंबऱ्याकडं बघितलं सुदिक न्हाई. मला लई लागलं ते. ह्येंना म्हणलं तर म्हणले, "चोराला तोंड कुठनं असणार?"

मग पुण्यास्नं महागाचा सेट आला. त्याला मोबाईलमधलं ॲप पाहिजे, ॲपला ईमेल पाहिजे, ईमेलला पासवर्ड पाहिजे. गाणं ऐकायचंय का बँक उघडायचीय? फोन लावला तर बाई म्हणती, हिंदीसाठी दोन दाबा. शेवटी कंपनीचा माणूस येऊन लावून गेला. ह्येंनी डोळे मिटून ऐकलं. "ह्याच्यातबी दबलीया. सगळा बाजारच चोरांचा."

थंडीत ह्येंना ताप भरला. दीक्षा शिरूरहून आली, तिनं काखेत थर्मामीटर लावलं. जरा वेळानं त्ये टीं टीं वाजलं.

"पप्पा, काढा आता."

"वाजू दे की आधी."

"वाजलं की!"

"कुठं वाजलं? सेल गेला असंल त्याचा."

दीक्षानं माझ्याकडं बघितलं. तिनं परत लावलं, आन् वाजायला लागल्यावर थेट त्यांच्या कानाशी धरलं. ह्ये आपले तिच्या तोंडाकडं बघत बसले, कवा वाजतंय म्हणून.

दौंडच्या कानाच्या डॉक्टरनं ह्येंना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजाला ह्ये भराभरा दाबत व्हते. बारीक आवाज सुरू झाले आन् अंगठा बटणावर तसाच ऱ्हायला. डॉक्टर म्हणले, "बारीक आवाजाच्या नसा गेल्यात. मशिनीजवळ काम केलंय का? आता त्या परत येत नाहीत. कानाचं मशीन लावलं तर बोलणं जरा समजेल."

"आन् झांज?" ह्येंनी इचारलं. डॉक्टरला काय उमजलं न्हाई.

ती बुचं मी धुण्याच्या आधी ह्येंच्या खिशातनं कितीदा काढून ठिवली असतील. मिठावरनं भांडले, चपलांवरनं भांडले, पण बुचं कानात घाला म्हणून एकदा सुदिक भांडले न्हाई. चुकलंच माझं.

दवाखान्यातनं बाहेर पडल्यावर ह्ये म्हणले, "सतीशकडं जायचं."

दुकानात गिऱ्हाईक व्हतं. ह्ये दारातच हात जोडून उभे ऱ्हायले. "जय भीम, सतीश. माल चांगला व्हता तुझा. माझेच कान गेल्यात."

भाऊजी आमच्याजवळ आले आन् बाकीच्यांना ऐकू जाऊ न्हाई अशा आवाजात म्हणले, "मला ठावं हाय. तुमच्या घरी वायरी तपासत व्हतो तवाच कळलं. वायर धड असली की माझा मीटर टीं टीं वाजतो. तो वाजत व्हता, आन् मास्तर शेजारी बसून म्हणत व्हते, वाजत न्हाई, वायर तुटलीया."

"मग भाऊजी, तवाच बोलला का न्हाई?" मी म्हणलं. "एवढं ऐकून घेतलं?"

"काय बोलू वहिनी? माझी झांज एक ठोका चुकली तरी मागं न बघता म्हणायचे, सतीश, सांभाळ. त्यांना मी म्हणू, तुम्हाला ऐकू येत न्हाई? त्यापरीस मी चोर बरा."

ह्ये एकदा त्यांच्याकडं बघत व्हते, एकदा माझ्याकडं. "काय म्हणतोय? मोठ्यानं बोल की रं."

भाऊजींनी मला मानेनं खुणावलं, ऱ्हाऊ द्या. मलाबी वाटलं, झाकावं. पण चोर म्हणलं व्हतं ते भरल्या दुकानात म्हणलं व्हतं. मी ह्येंच्या कानाशी तोंड नेलं आन् सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून, भाऊजी बोलले ते एकेक सांगितलं. शेवटचं वाक्य मला दोनदा ओरडावं लागलं.