अश्विनातलं हिरवं पाणी

लग्न होऊन मी दापोडीला आले, तेव्हा माझं एम.एस्सी.चं काम अर्धंच झालं होतं. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती कोणत्या ऋतूत माजतात आणि पाण्यात तरंगणाऱ्या सेंद्रिय कणांशी त्यांचं नातं काय, हा माझा विषय. माहेर समुद्रकाठच्या रेवदंड्याचं. पण दापोडीला समुद्र कुठला?

"पाणीच बघायचं तर आपली पवना नदी हाय की," सासूबाई म्हणाल्या.

माझं उतरलेलं तोंड ह्यांनी पाहिलं असावं. हे कारखान्यात फिटर. एका संध्याकाळी त्यांनी सळईचं गोल कडं वाकवून आणलं आणि म्हणाले, "कापड तू दे." माझी तलम रेशमी साडी फाडून आम्ही त्याला शंकूसारखी जाळी शिवली.

अश्विनात एस.टी.नं रेवदंड्याला गेलो. होडीतून जाळी ओढली, तर तळाशी हिरवट, बुळबुळीत साय जमलेली. कॉलेजातून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या डब्यांसारख्या पेशी दिसल्या, एकीला एक खेटून. पावसाळ्यात नद्यांनी आणलेल्या खतावर हे पीक तरारलं होतं.

मार्गशीर्षात परत गेलो, तेव्हा सासूबाईही आल्या. त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. बराच वेळ त्या लुगडं सावरत लाटांत उभ्या होत्या. इकडे माझी जाळी जवळजवळ रिकामीच वर आली. पाणी गाळलं, तर कागदावर नुसता भुरकट, मऊ लगदा. सगळे कष्ट वाया गेले, असं वाटून मला रडूच कोसळलं.

"समदं मेलं म्हणायचं?" सासूबाईंनी विचारलं.

मी डोळे पुसून त्या लगद्याचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रिकाम्या काचेच्या डब्या, त्यांचा चुरा, आणि त्यात काहीतरी हलत होतं. मी त्यांना बोलावलं.

"अगं बया! हे काय वळवळतंय?"

"कोळंबीच्या जातीचे बारके जीव, आत्याबाई. अश्विनातलं ते पीक मेलं, त्याचा भुगा खाताहेत. पुढं यांना मासे खातील."

"मंग रडतीस कशाला?"

माझ्या प्रबंधाला दिशा तिथं मिळाली. चैत्रात आणि पुढच्या पावसाळ्यातही आम्ही नमुने आणले. लिहायला बसले की सासूबाई चूल सांभाळत. प्रबंध मंजूर झाला तेव्हा मला दिवस गेले होते. सासूबाई नदीवर धुणं धुताना बायकांना सांगायच्या, "न्हाई गं, दर्याचं पाणी सदा निळं नसतंय, अश्विनात हिरवं असतंय. आमच्या सुनेला इचारा."