साउंडवाली

तिला गाण्याच्या क्लासातून मीच काढलं. शिरूरला ती माझ्याकडे शिकायची, पण लग्नसराईत साउंडच्या कामाला जायची आणि क्लासला खाडे व्हायचे. माइक तपासताना सगळे ‘हॅलो हॅलो’ करतात, ही ‘सा’ लावायची.

‘एक तर गाणं शिक, नाहीतर वायरी गुंडाळ,’ मी चिडून म्हणालो.

‘सर, दोन्ही जमतंय की!’

मी ऐकलं नाही.

परवा तळेगावात माझं गाणं होतं आणि साउंडला तीच होती. एक हात मिक्सरवर, दुसऱ्यानं मांडीवर ताल धरलेला. ओठांतल्या ओठांत ती माझ्याबरोबर गात होती. तिचं शिकणं थांबलंच नव्हतं.

गाणं संपल्यावर ती स्टेजवर आली. मी बोलायला लागलो, तशी ती कुजबुजली, ‘सर, माइक चालू हाय!’

‘असू दे,’ मी म्हणालो. ‘माझं चुकलं, पोरी. परत क्लासला ये.’