आठची होडी आणि तेलाची काडी

पलीकडच्या काठाला जाणारी आठची होडी आता काकू चालवतात, आणि इंजिनातलं तेल मोजायची काडी पाहिल्याशिवाय त्या ती जागची हलवत नाहीत. पण होडी त्यांच्या हाती आली ती सुखासुखी नव्हे.

बावीस वर्षं काकू त्याच होडीत काकांसोबत दोर सोडायचं आणि बांधायचं काम करत आल्या होत्या. होडी रिकामी असली की काका मोठ्या मनाने त्यांना चालवू देत. माणसं चढली की लगेच, ‘हं, सरक बाजूला!’

मग काका जिन्यावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरात गेला.

‘उद्याची फेरी तू कर,’ काका म्हणाले. ‘पण एक जरी चूक दिसली, तर परवापासून मी माणूस ठेवणार.’

‘आणि नाही दिसली तर?’

‘दिसेल की!’

दुसऱ्या दिवशी काकू धक्क्यावर पोचल्या, तर परीक्षक काका आधीच हजर. डाव्या हाताने इंजिनाचं झाकण काढून, काडी नाचवत उभे.

‘बघा, बघा! तेल जेमतेम टोकाला लागलंय. ही झाली पहिली चूक. आण तो डबा, अर्धा लिटर ओत.’

होडीत बसलेल्या नर्सबाई आणि पोस्टमन माना उंचावून बघू लागले. काकू पुढे झाल्या. काल संध्याकाळी तर तेल बरोबर होतं! त्यांनी डबा उचलला, इंजिनाकडे पाहिलं, आणि डबा परत खाली ठेवला. रात्री पंखा पाण्याबाहेर राहावा म्हणून वर उचलून ठेवलेलं इंजिन अजून तसंच तिरकं होतं.

त्यांनी ते खाली सोडून सरळ उभं केलं आणि पदर खोचून स्वस्थ बसल्या.

‘आता बसलीस काय?’

‘तेल खाली उतरू दे. दहा मिनिटं.’

‘अगं, आठ वाजले!’

‘काकू, माझी पत्रं म्हातारी होतील,’ पोस्टमन म्हणाला.

‘होऊ देत. बुडणार तर नाहीत ना?’

दहा मिनिटांनी काकूंनी काडी फडक्याने स्वच्छ पुसली, पुन्हा पूर्ण आत घातली, बाहेर काढली आणि काकांच्या नाकासमोर धरली. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला लागत आलेलं.

‘अहो, तिरक्या पातेल्यातलं दूध बघून मांजरावर आळ घेतात का?’

काकांनी काडी उलटसुलट करून पाहिली. ‘आणि मी ओतलं असतं तर?’

‘तर जास्तीच्या तेलाने अर्ध्या वाटेत इंजिन धूर ओकत बसलं असतं, आणि नर्सबाईंना त्यालाच सुई टोचावी लागली असती.’

नर्सबाई इतक्या हसल्या की होडी डुलली. काका सवयीने मागच्या बाकाकडे, सुकाणूच्या जागेकडे वळले.

‘हं, सरका बाजूला,’ काकू म्हणाल्या.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. काकूंनी मागे वळून विचारलं, ‘मग? माणूस ठेवायचा का?’

‘ठेवला की,’ डाव्या हाताने दोराची गाठ सोडत काका म्हणाले. ‘दोर सोडायला.’

प्लास्टर निघून आता वर्ष होत आलं. दोर अजून काकांकडेच आहे, गाठ मात्र काकूंच्या मते अजून थोडी सैलच बसते.