रजेवरचा सेंटर हाफ

आमच्या गावात फुटबॉल आला तो पलटणीतून. कोरेगावच्या बाजूचं गाव, घरटी एक माणूस तरी फौजेत. ही माणसं दोन महिन्यांच्या रजेवर यायची तेव्हा ट्रंकेत रमच्या बाटलीशेजारी बुटांचा जोडही असायचा. कुस्तीवर पोसलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना हे प्रकरण कधी पचलं नाही. पहिला सामना संपल्यावर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते समदं ठीक हाय रं, पर पाठ कुणाची लागली?" मी म्हटलं, आपण दोन-शून्यनं जिंकलो. ते म्हणाले, "मंग शून्य कशाला मोजता?"

मैदान म्हणजे ज्वारी काढलेलं रान. गोलाला बांबू, आणि आडव्या दांडीच्या जागी बैलाचा कासरा ताणलेला. चेंडू कासऱ्याला लागला की तो वरून गेला का खालून, यावर भांडणं व्हायची.

मी या संघाचा सेक्रेटरी. मी आयुष्यात एकदाही चेंडू सरळ मारलेला नाही. भरतीला गेलो होतो, नाही असं नाही. ओल्या पायानं फरशीवरून चालायला लावलं. डॉक्टरनं मागं उमटलेला ठसा पाहिला. भाकरी थापल्यासारखा अख्खा पाय उमटला होता. तळपाय सपाट, म्हणून मी घरी आलो आणि सोसायटीत कारकून झालो. पण कोण कुठं उभा राहिला पाहिजे, कुणाला काढला पाहिजे, हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता यायचं. ज्याला स्वतःला खेळता येत नाही त्याला हे जास्तच कळतं, असं माझं तेव्हा मत होतं.

आता, आमच्या संघाची खरी अडचण खेळाची नव्हती, रजेची होती. चांगला गोलकीपर दिवाळीत यायचा, दोन्ही बॅक उन्हाळ्यात, आणि सांगलीची स्पर्धा माघात. अकरा माणसं एका महिन्यात गावात आणायची म्हणजे लग्नाच्या तिथीपेक्षा अवघड. त्यासाठी मी एक युक्ती काढली होती. गावातल्या बऱ्याच बायका नवऱ्याला पत्र माझ्याकडून लिहून घ्यायच्या. त्या सांगतील ते लिहायचं आणि खाली आपली एक ओळ घालायची, की रजा माघात टाकावी. एकदा एकीचा नवरा रजेवर आला आणि बिंग फुटलं. ती दारात येऊन उभी राहिली. "आवं भावजी, पोराला गोवर आलाय म्हणून लिवा म्हटलं, तर तुमी लेफ्ट आऊट रिकामा हाय म्हणून लिवलं व्हय? त्यांनी पोराचं इचारलंच न्हाई की!"

सगळी गल्ली हसली. मीही हसलो. नवरा मात्र माघात आला होता.

या सगळ्या संघाचा कणा म्हणजे माझा थोरला भाऊ, सेंटर हाफ, मैदानाच्या मधोमध उभा राहणारा. दादा. दिसायला काही दांडगा नाही, पळायलाही फार नाही. पण त्याचा आवाज मैदानभर असायचा. कुणाला डावीकडं सरक, कुणाला थांब, कुणाला शिवी. तो बोलत असला की बाकीचे दहाजण शहाणे व्हायचे. दादाची रजा दिवाळीची असायची. ती मी त्या वर्षी माघात ढकलली. वहिनीनं विचारलं तेव्हा सांगितलं, पलटणीनंच बदलली.

एकाहत्तरचं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. दादा लान्स नाईक होता, दंडावर एक फीत. दुसरी फीत मिळायची तर एक कोर्स पुरा करावा लागायचा, फौजी त्याला काडर म्हणत. त्यात नाव लागणं सोपं नव्हतं. त्याचं लागलं होतं, आणि रजेवरून परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तो सुरू व्हायचा होता. फीत म्हणजे नुसता मान नव्हता. दोन फीतवाल्यांचा बायकोसह राहायच्या क्वार्टरसाठी नंबर लवकर लागतो, असं दादानं वहिनीला सांगितलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि वर्षाचे दोन महिने एवढाच त्यांचा संसार. वहिनी तर हिंदीची तयारीही करू लागली होती. भाजी चिरता चिरता आम्हाला विचारायची, "भावजी, आलू क्या भाव है, बरूबर हाय का?" मी म्हणायचो, "बरोबर आहे, पण तिकडं भांडायलाही शिकावं लागेल." ती म्हणायची, "भांडायला भाषा लागत न्हाई."

तर त्या माघात आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. सांगलीला उपांत्य सामना जिंकला त्या दिवशी आमच्या गोलकीपरनं दोन्ही बांबूंना, म्हणजे तिथल्या खऱ्या लाकडी खांबांना, वाकून नमस्कार केला. अंतिम सामना गुरुवारी, दादाची गाडी शनिवारी. मी तक्ता असा चोख बसवला होता की मलाच माझं कौतुक वाटत होतं.

बुधवारी निरोप आला. मैदानावर कसलीशी मोठी सभा ठरली होती. सामना पुढच्या मंगळवारी.

आमचे शिकवणारे होते एक रिटायर सुभेदार. मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. त्या चषकासाठी त्यांच्याएवढा जीव कुणी टाकला नसेल. पारावर सगळे जमले तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच बोलले. "ह्यो शनिवारी जाणार. त्याच्या जागी मास्तर खेळतील. ठरलं."

शाळेचे मास्तर खेळायचे बरे, पण चेंडू आला की आधी चष्मा सावरायचे. मी म्हटलं, "काका, दादाशिवाय आपला संघ उभाच राहत नाही. तार करू. घरी आजारपण आहे, आठ दिवस रजा वाढवा."

"मिळणार न्हाई."

"विचारायला काय जातंय?"

"गड्या, मी चोवीस वर्सं काढल्यात तिथं. रजा म्हंजे रजा. एक दीस उशीर झाला तर तांबड्या शाईनं लिवत्यात, आन ती शाई धुऊन जात न्हाई."

दादा पाराच्या कडेला बसून पायानं माती उकरत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी सायकल काढली आणि कोरेगावला जाऊन तार केली. पत्नी आजारी, रजा वाढवावी. मजकूर इंग्रजीत, माझाच. वहिनीला आजारी पाडण्याआधी वहिनीला विचारलं नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, उत्तर नाही. शनिवारी सकाळी वहिनीनं दादाची ट्रंक भरून ठेवली होती. वर लाडूंचा डबा, चटणीची पिशवी, धुतलेली गरम बनियनं. वळकटीला दोरी बांधून झाली होती. मी दादाला म्हटलं, "उत्तर नाही म्हणजे होकारच. नामंजूर असतं तर लगेच कळवलं असतं." आमच्या सोसायटीत असंच चालायचं. वरच्या कचेरीतून आठ दिवसांत काही आलं नाही की आम्ही मंजूर धरून पुढं जायचो. पलटणही एक मोठी सोसायटीच असणार, अशी माझी समजूत.

वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "कागुद आल्याबिगर थांबू नगा म्हनावं."

मी ट्रंक उघडली. बूट सगळ्यात तळाशी होते. लाडूंचा डबा बाहेर काढला, बनियनं काढली, बूट काढले आणि बाकी सगळं परत होतं तसं लावलं. अगदी नीट लावलं. वहिनी बघत होती. 

गाडीची वेळ टळून गेली.

मंगळवारी सांगलीला मैदानाभोवती एवढी माणसं, की आमचा राइट आऊट कपडे बदलायला लाजला. समोरच्यांचे मोजे सगळ्यांचे सारखे. आमच्या गावातून दोन ट्रक भरून लोक आले होते, आणि पाठ कुणाची लागली विचारणारे आजोबाही त्यात होते, फेटा बांधून.

मी ओळीबाहेर उभा होतो आणि दहा-पंधरा मिनिटांतच मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. काय ते कळेना. चेंडू इकडून तिकडं जात होता, आमचे बॅक पळत होते, धूळ उडत होती. मग लक्षात आलं. आवाज नव्हता. दादा बोलतच नव्हता. उभा होता जागेवर, चेंडू आला की मारत होता, पण एक हाक नाही, एक शिवी नाही. आमचे दहाजण वाट चुकलेल्या मेंढरांसारखे एकमेकांवर आदळत होते. सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. म्हणाले, "त्यो हितं न्हाई. त्यो परेडवर उभा हाय, हजेरीला."

मास्तर माझ्या शेजारी बसले होते, बूट बांधून. गावच्या गोठणावर रोज पहाटे एकटेच सराव करत होते म्हणे चार दिवस. मला ते नंतर कळलं.

मध्यंतरापर्यंत आम्ही कसेबसे बरोबरीत राहिलो. नंतर समोरच्यांचा एक ठेंगणा फॉरवर्ड दादाच्या अंगावरून, म्हणजे अगदी हाताच्या अंतरावरून चेंडू घेऊन गेला. दादा वळला, पण उशिरा. गोल. एकच. तेवढा पुरला. शिट्टी वाजल्यावर आमचा गोलकीपर खांबाला टेकून लहान पोरासारखा रडला. आजोबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आज समजलं बग. आपलीच लागली."

ती रात्र आम्ही सांगलीतच धर्मशाळेत काढली. सकाळच्या गाडीत बाकीचे तोंडावर टॉवेल टाकून पडले होते. आणि मी काय करत होतो? कराड यायच्या आत मी स्पर्धेच्या हस्तपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या वर्षीचा संघ मांडला होता. दोन बॅक बदलले, राइट आऊटला बसवला, सेंटर हाफ तोच ठेवला. दादाला कागद दाखवून म्हणालो, "पुढच्या साली पण रजा माघातच टाक. पोरं घाबरली यंदा, बाकी काही नाही." दादानं कागद घेतला, नीट वाचला, घडी करून मला परत दिला आणि खिडकीबाहेर ऊस बघत बसला. हरलेल्या संघाच्या माणसाला पुढच्या वर्षाइतकं दुसरं औषध नसतं. ते मी एकट्यानंच प्यायलो.

घराजवळ आलो तर दारात बायका जमलेल्या.  वहिनी जोत्यावर बसली होती, मांडीवर तारेचा कागद. आदल्या दिवशी दुपारीच आला होता. तार म्हटली की कुणीतरी गेलं, एवढंच आमच्याकडं माहीत. पोस्टमन वाचून दाखवतो म्हणाला तर तिनं वाचू दिली नाही. घरचं माणूस येईपर्यंत नको म्हणाली. दादा समोर धडधाकट दिसल्यावर तिला एकदम रडू फुटलं, आणि मग तिनं कागद माझ्यापुढं धरला. घरात इंग्रजी वाचणारा मीच.

"वाचा भावजी. आता काय बी असू द्या."

मी वाचलं. रजा वाढ नामंजूर, ताबडतोब हजर व्हा. मराठीत सांगताना मी ताबडतोब हा शब्द गिळून टाकला, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

"कसली रजा वाढ?" वहिनीनं विचारलं.

मी कागदाची घडी करू लागलो. मग दादाच म्हणाला, "तू आजारी हाईस म्हणून कळवलं होतं."

"मी?" ती म्हणाली. बायकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी तर ट्रंक भरली होती."

दादा त्याच दुपारच्या गाडीनं गेला. पोहोचेस्तोवर काडर सुरू होऊन गेला होता आणि त्याचं नाव दुसऱ्याला दिलेलं होतं. तांबडी शाईही लागली. पुढच्या खेपेला नाव आलं नाही, त्याच्या पुढच्याला आलं नाही. क्वार्टरचा विषय पत्रांतून आपोआप बंद झाला. वहिनीची पत्रं मीच लिहीत होतो, त्यामुळं मला कळलं. हिंदीतले भाव विचारायचे तिनं सोडून दिले. सांगलीच्या स्पर्धेला आम्ही नंतरही गेलो, एकदा मास्तर सेंटर हाफ खेळले आणि चांगले खेळले. अंतिम सामना मात्र पुन्हा नाही.

दादा त्याच एका फितीवर घरी आला. साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. वहिनी आणि तो एका खोलीत राहू लागले, तोपर्यंत दोघांचे केस पिकायला लागले होते. मी महिन्यातून एकदा जातो. माझ्या पोरांना मी या स्पर्धेची गोष्ट सांगतो ती आजोबा, कासरा आणि लेफ्ट आऊटच्या पत्रापर्यंत. पोरं खूप हसतात. पुढचं सांगत नाही.

मागं एकदा दुपारी मी त्याच्या केबिनजवळ स्टुलावर बसलो होतो. आमच्याच गावचा एक जण, दादाच्या नंतर भरती झालेला, सुभेदार होऊन रजेवर आलेला, तिथून मोटरसायकलवरून गेला. दादानं सवयीनं ताठ होऊन सलाम ठोकला. तो गेल्यावर मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, "दादा, ती तार मी करायला नको होती."

"तारेचं सोड," तो म्हणाला. "मी काय कुकुलं बाळ होतो व्हय? जायाचं तर मीच जायाचं होतं."

"मग गेला का नाहीस?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "काका म्हणाले जा. ही म्हणाली जा. शनिवारी मी पार गाडीची येळ टळंस्तवर तुझ्याकडं बघत हुतो बारक्या. तू बूट पुसत हुतास. मला वाटलं, आता म्हनशील, जा दादा, आमी बगतो. तू म्हनला असतास तर मी पळत सुटलो असतो."

आतून ट्रकनं हॉर्न दिला. दादानं टोपी घातली आणि फाटक उघडायला गेला.