माणसं मोजली, पण

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वनिता चहाच्या यंत्राखालची सांडलेल्या चहाची ताटली डाव्या हाताने धूत होती. वेल्ह्यात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर हे यंत्र उभं आहे. दहाचं नाणं टाकून बटण दाबलं की कागदी कप भरतो. किती कप गेले हे यंत्रच मोजतं. तेव्हा दिवसाचा आकडा पाच होता.

यंत्र कंपनीचं आहे, महिनाभराच्या बोलीवर दिलेलं. रोजचे सरासरी साठ कप गेले तर राहील, नाहीतर परत जाईल. महिना उद्या भरतो. आतापर्यंतची सरासरी सतरा.

वनिता एक्केचाळीस वर्षांची आहे. अकरा वर्षं ती पानशेतच्या एका खानावळीत भाकऱ्या करत होती. तीन वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून पडली. उजवं मनगट वाकडं जुळलं. आता त्या हाताने ना परात उचलता येते, ना पीठ मळता येतं. नवरा धनाजी त्याच्या आधीच वारला. घरात ती आणि सासू साळूबाई. भोरला राहणारा भाऊ तिला घेऊन जायला तयार आहे, पण फक्त तिला. साळूबाईंचं नाव त्याने काढलं नाही, आणि वनितानेही अजून विचारलेलं नाही.

बटण दाबायला एक हात पुरतो, म्हणून यंत्र. पुण्यात कंपनीने तिला दोन प्रकारची यंत्रं दाखवली. एकावर वीस लिटरचा पाण्याचा जार चढवावा लागत होता. दुसरं थेट नळाला जोडायचं होतं. तिने दुसरं घेतलं. मग नळ आणि वीज दोन्ही असलेली जागा शोधणं आलं. कंपनीच्या इंद्रजितने सांगितलं होतं, जागा ठरवण्याआधी तीन दिवस उभं राहून माणसं मोजा. एसटी स्टँडवर नळ नव्हता. झेरॉक्सच्या ओट्यावर होता, आणि समोरून दिवसाला दोनशेच्या वर माणसं जात होती. तिने वहीत रेघा मारून मोजली होती.

माणसं रोज तेवढीच येतात. चहा मात्र पलीकडे हनुमंतच्या हॉटेलात पितात.

अकराच्या सुमाराला कोंडिबा आले. नात्याने तिचे चुलतसासरे. वारसनोंदीचं काम होतं, बरोबर भाऊबंद आणि साक्षीदार मिळून नऊ माणसं. वनिता ओट्यावरून खाली उतरली. एरवी ती कुणाला हाक मारत नाही.

"आबा, आज माणसं हिकडं आना. धा कप व्हतील माजं."

कोंडिबांनी यंत्राकडे पाहिलं. "बसायचं कुठं? उभ्यानं च्या पाजला तर म्हंतील, कोंडिबानं वाटंला लावलं."

"बाकडं आनते."

"बाकड्याचं न्हाई गं. तुजी पेटी 'घ्या वो पाव्हणं' म्हनती का?"

नऊही जण हसले. वनिता हसली नाही. एकाने गंमत म्हणून खिशातून नाणं काढलं, तसा कोंडिबांनी त्याचा हात धरला. आपल्या कामाला आलेल्या माणसाने स्वतःच्या पैशाने चहा प्यायचा म्हणजे त्याला यजमानाचा चहा नको होता, असा अर्थ निघतो. ज्याचं काम त्याचा चहा. साक्षीदार उद्या फिरला, तर हाच चहा त्याला चारचौघांत ऐकवता येतो. नऊ माणसं रस्ता ओलांडून गेली. हनुमंतने किटली भरून पाठवली.

हा रिवाज वनिताला माहीत नव्हता असं नाही. धनाजीच्या वारसनोंदीच्या दिवशी तिनेच सात जणांना त्या हॉटेलात बसवलं होतं. मोजताना ते डोक्यात आलं नाही.

दुपारी तिने स्वतःची बारा नाणी टाकून बारा कप काढले आणि मोरीत ओतले. त्यानंतर हिशेब केला. सरासरी साठावर न्यायला एका दिवसात तेराशेच्या वर कप ओतावे लागले असते. ती थांबली. मग इंद्रजितला फोन केला आणि आणखी पंधरा दिवस मागितले.

तो म्हणाला, "मावशी, जागा चुकली."

"जागा न्हाई चुकली. मानसं मोजली, ती कुनाबरूबर आली ते न्हाई मोजलं. येकटी येनारी मानसं स्टँडावर हायेत. तितं लावू द्या."

तिथे नळ नाही, जारचं यंत्र घ्यावं लागेल, असं त्याने सांगितलं. जार कोण चढवणार, हेही विचारलं. वनिता म्हणाली, मी चढवीन. तिचा हात त्याने पुण्यात पाहिला होता. वर विचारून सांगतो, म्हणाला. संध्याकाळी सहापर्यंत त्याचा फोन आला नव्हता. कंपनीच्या गाडीवाल्याचा तेवढा आला, पत्ता विचारायला.

सोमवारचा शेवटचा आकडा एकतीस, त्यात मोरीत गेलेले बारा.

उद्या मंगळवार. कचेरी पावणेदहाला उघडते. यंत्र न्यायला टेम्पो अकराला येणार आहे.