गावाला लागेल

सोमवारी सकाळी मानसीने मिक्सरचा फोटो काढायला मोबाइल वर धरला आणि गुणाजीने मिक्सरच उचलून पोटाशी घेतला.

"हा विकायचा नाही. गावाला लागेल."

"पप्पा, ह्याला झाकण नाहीये."

"गावाला झाकण कोण बघतंय?"

"भांडंपण नाहीये!"

"मोटर आहे ना? मोटर गावाला लागेल."

मानसीने आईकडे पाहिलं. प्रेमाने माळ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ सरळ होता: मी पंचेचाळीस वर्षं ऐकतेय, तू आत्ता कुठे मुलुंडहून आलीयस, दमू नको.

घाटकोपरच्या भटवाडीतली त्यांची चाळ पडायची होती. त्या जागी टॉवर येणार, चौदाव्या मजल्यावर घर मिळणार, पण तीन वर्षांनी. तोवर विक्रोळीला भाड्याची एक खोली. इथल्या दोन खोल्या, वरचा माळा, पलंगाखालचं आणि कपाटावरचं हे सगळं त्या एका खोलीत मावणं शक्यच नव्हतं. बिल्डरच्या ऑफिसातली तेजल मॅडम रोज फोन करायची. "अंकल, तुमी टेन्शन नका घेऊ हं. फक्त शनिवारी बारा वाजता मला चावी पायजे. बारा म्हंजे बारा. मग जेसीबीवाला माझं पन ऐकत नाय." तिचा फोन ठेवला की गुणाजीचं टेन्शन दुप्पट व्हायचं.

मग तो चालायचा. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. वाटेत जे हाताला लागेल ते उचलायचा, झटकायचा, परत ठेवायचा. मानसी मोबाइलवर गिऱ्हाइकं झेलत होती आणि मोठ्याने वाचून दाखवत होती. "'सर, अवेलेबल?' हो रे बाबा, अवेलेबल. 'लास्ट किती?' अजून फर्स्ट सांगितला नाही! हा बघा, हा म्हणतो कपाट अंधेरीला आणून द्या, चौथा मजला, लिफ्ट बंद आहे. वर स्माइली टाकलाय. पप्पा, बसा ना जरा!"

बसणं गुणाजी घाडीला जमत नसे. एकाहत्तर साली, सतरा वर्षांचा असताना, तो कणकवलीच्या पुढच्या एका वाडीतून मुंबईला आला. गिरणीत लागला, संपात गिरणी गेली, मग मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात चिकटला तो रिटायर होईपर्यंत. माल खोक्यात भरायचा, कोपऱ्यात कागदाचे बोळे, वरून सुतळीची चौकडी आणि मधोमध गाठ. त्याची गाठ अख्ख्या खात्यात प्रसिद्ध होती. साहेब म्हणायचे, घाडीची गाठ सोडण्यापेक्षा माल परत मागवलेला बरा.

कारखान्यातली सवय घरी आली. टीव्ही जुना झाला, बांधला, गावी. पंखा करकरू लागला, बांधला, गावी. कधी एसटीच्या टपावरून, कधी गणपतीच्या बसमधून, कधी कोणाच्या टेम्पोतून. प्रत्येक नगावर काळ्या मार्करने एकच मजकूर: 'गुणाजी घाडी. मधली खोली. ही बाजू वर.'

मधली खोली म्हणजे गावच्या घरातली त्याची खोली. थोरल्या भावाने तोंडी दिलेली. भाऊ गेला, आता घर भावाचा मुलगा हर्षद बघत होता. गुणाजीच्या मनात पक्कं होतं की एक दिवस आपण तिथे कायमचं राहायला जाणार. तोवर आपलं सामान तिथे आहे म्हणजे आपणही थोडेथोडे तिथे आहोत. प्रेमा मात्र पहिल्यापासून म्हणायची, "मी नाही येणार तिकडे राहायला." का नाही, ते गुणाजीने कधी विचारलं नव्हतं. त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं की साप.

मंगळवारपर्यंत त्याने अकरा खोकी बांधली. मानसी ज्याचा ज्याचा फोटो काढी, ते ते तासाभरात खोक्यात जाऊन बसे.

"आई, स्टीलचे दोन डबे विकलेत मी, माणूस निघालाय घाटकोपर स्टेशनवरून. डबे कुठायत?"

"विचार तुझ्या बापाला. पार्सल ऑफिस उघडलंय."

गुणाजीने हर्षदला फोन लावला. टेम्पोची सोय कर, अकरा नग आहेत, असं एका दमात सांगितलं. पलीकडे हर्षदने घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"काका, बुधवारी कुंडलिकाचो टेम्पो येता तुमच्याकडे. वाशीक आंबे उतरवन थेट घाटकोपरास."

"वा रे वा! न सांगता सोय केलंस!"

"होय... म्हणजे... मगे बोलूया आपण, काका. टेम्पो येवंदे."

आणि त्याने फोन ठेवला. गुणाजी मोरीपर्यंत जाऊन आला. भावाचा मुलगा झाला तरी रक्ताचा, असं त्याने तीनदा म्हटलं. प्रेमा भाजी निवडत म्हणाली, "खाकरत का होता तो एवढा?"

"आंब्याची धूळ असते."

बुधवारी अकरा वाजता अकरा खोकी चाळीच्या तोंडाशी रांगेत उभी होती आणि त्यांच्या शेवटी, बारावं असावं तसा, गुणाजी. टेम्पो आला. कुंडलिक खाली उतरला, पंचविशीतला, कानात हेडफोन, कपाळाला गमछा. त्याने मागची फळी पाडली.

टेम्पो भरलेला होता.

"अरे, हे कोणाचं सामान?" गुणाजी म्हणाला. "माझं कुठे ठेवशील?"

कुंडलिकने हेडफोन काढला. "कोणाचा म्हणजे? तुमचाच असा. हर्षदान धाडल्यान. खंय उतरवू?"

गुणाजी पुढे झाला. शटरवाला टीव्ही. करकरणारा पंखा. लोखंडी कॉट. मोडक्या पायाची टीपॉय, जी त्याने पाय गावी लावू म्हणून धाडली होती. आणि त्यामागे खोकीच खोकी, प्रत्येकावर काळा मार्कर, प्रत्येकावर त्याचं नाव. 'ही बाजू वर' ही अक्षरं बहुतेकांवर उलटी.

एव्हाना चाळ जमली होती. चाळ पडायला आली तरी चाळीला चार दिवस काम नव्हतं.

"लोक घरं खाली करतायत, घाडी भरतायत!" वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं.

"घाडीकाका, हा टीव्ही चालू करा, रामायण लागलं असेल अजून!"

प्रेमा गर्दीतून वाट काढत आली आणि टेम्पोच्या फळीशी थबकली. एका फाटक्या गोणीतून तिने एक वस्तू ओढली. इडलीचं भांडं. चार मजली, मधल्या दांड्याला गुलाबी धागा.

"हे माझं आहे."

गुणाजी टीव्हीच्या मागे सरकला.

"हे हरवलं होतं," प्रेमा म्हणाली, हळूहळू आवाज चढवत. "बावीस वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, मी पाहिलंच नाही. बावीस वर्षं मी..." आणि ती थांबली, कारण शेजारची जयंती हाताची घडी घालून बरोबर समोर उभी होती.

"बोल ना," जयंती म्हणाली. "बावीस वर्षं काय?"

"काही नाही गं."

"माझ्यावर संशय ना? तरीच! माझ्या घरी इडली केली की म्हणायचीस, 'अगदी माझ्यासारखीच होते गं तुझी.' मला वाटायचं तारीफ करते बाई!"

अख्खी चाळ हसली. प्रेमासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. हसला नाही तो एकटा गुणाजी. त्याचा अंगठा एका खोक्यावरच्या गाठीवर होता. त्याचीच गाठ. सुतळी काळी पडली होती, पण चौकडी जशीच्या तशी. त्याने दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. एकही खोकं कोणी उघडलंच नव्हतं.

त्याने तिथेच, भर रस्त्यात, हर्षदला फोन लावला आणि स्पीकर कुठे बंद करायचा ते माहीत नसल्याने सगळ्यांनी ऐकला.

"हर्षद, माझी खोली?"

"काका, होमस्टे करतंय. मधल्या खोलयेत बाथरूम काढलंय. गिऱ्हायकां अटॅच मागतत."

"माझी खोली ती! तुझ्या बापाने दिलेली!"

"होय, दिल्यानी. पण तुम्ही निजलात कधी थंय? गणपतीक येतास, दीड दिवस पडयेत भजनात बसतास, बस धरून जातास. त्या खोलयेत तुमचा सामान ऱ्हवता, काका. दारातून पाय आत ठेवूक जागा नाय. तुमका तरी खंय होती?"

गुणाजीला चालायलाही जागा नव्हती, चहूकडून त्याचंच सामान.

"आणि खोकी?" तो शेवटी म्हणाला. "एवढी वर्षं कोणाक उघडूचीशी वाटली नाय? लागतलीत म्हणान धाडलंय मी."

"तुमचा नाव होता वर." हर्षदचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "बाबा हात लावूक देत नसत. म्हणत, गुणाजी येतलो, तोच सोडतलो."

फोन चालूच राहिला.

गुणाजी टेम्पोच्या फळीवर बसला. सगळ्यात वरचं खोकं पुढ्यात ओढून त्याने गाठ सोडायला घेतली. नखं लावली, दात लावले. मानसी कात्री घेऊन धावत आली तर त्याने मान हलवली. पाच मिनिटांनी गाठ सुटली. आत कागदाचे बोळे, टॉर्च, मच्छरदाणी, नवी लुंगी, कारखान्याने निरोपाला दिलेलं घड्याळ. आणि खाली दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले.

"दोन?" प्रेमा म्हणाली. "मी तर येणार नाही म्हटलं होतं."

"म्हटलं, आलीस तर."

प्रेमाने एक ताट पदराने पुसलं. मग तिने गुणाजीच्या पुढ्यातला चालू फोन उचलला.

"हर्षद, काकी बोलते. बाथरूम अटॅच म्हणजे कसं? आतूनच दार?"

"होय काकी. कमोड बसवलाय. गीझर पण."

"गोठ्यामागे जायला नको?"

"नाय गे! गोठोच पाडलो."

"बघा!" प्रेमाने नवऱ्याकडे वळून असं म्हटलं की कुंडलिकने हेडफोन खिशातच टाकला. "पंचेचाळीस वर्षं! हातात कंदील, पावसात गोठ्यामागे, बाहेर उभं राहून तुमची चुलती विचारायची, 'झाला काय गे?' आणि तुम्हाला वाटतं मला गाव आवडत नाही!"

"मला वाटलं साप," गुणाजी म्हणाला.

"सापाने कधी 'झाला काय' विचारलं नाही मला!"

फोनमधून हर्षदचं खोखो हसणं आलं. ते ओसरल्यावर तो म्हणाला, "काका, ऐका. पावसात गिऱ्हाईक नसता. जूनपासून चार म्हयने खोली तुमची. मी लिवन देतंय व्हया तर. पण एक. सामान आणू नकात."

गुणाजी उठला. रांगेतल्या अकरा खोक्यांपाशी गेला आणि पहिल्या खोक्याची गाठ सोडायला बसला.

दुपारभर तो गाठी सोडत होता. आतल्या वस्तू रस्त्यावर मांडल्या गेल्या आणि त्यांची जत्रा भरली. जयंतीने पंखा घेतला, कोणी कॉट नेली, कोणी घड्याळ. मानसी विकत होती, भाव सांगत होती, आणि "लास्ट किती" विचारणाऱ्याला टीपॉयचा तुटका पाय दाखवत होती. उरलेल्याला भंगारवाला आला. त्याने टीव्हीभोवती एक फेरी मारली.

"चाचा, ये टीवी को तो उल्टा तुम पैसा दोगे, तो मैं उठाएगा. और ये रस्सी काटूँ क्या? टाइम खोटी होता है."

"काटना नहीं. मैं छोड़ता है."

"तुम छोड़ेगा तो ईद आ जाएगी!"

पण त्याने एकही गाठ कापू दिली नाही. सुटलेली सुतळी तो गुंडाळत गेला. चार वाजता हातात नारळाएवढा गोळा होता आणि पुढ्यात रस्ता मोकळा. गुणाजी त्या मोकळ्या जागेत दोनदा फिरला. कशाला हात लावावा ते कळेना.

कुंडलिकने इंजिन चालू केलं. "मी रिकामोच जातंय, काका. काय धाडूचा असात तर बोला."

"आहे," गुणाजी म्हणाला आणि पुढचं दार उघडून आत चढला.

"पप्पा! शनिवारी चावी द्यायचीय!"

"उद्या पोचतो, खोली बघतो, लिहून घेतो, रात्रीची बस धरतो. शुक्रवारी सकाळी इथे. हर्षदचा विचार बदलायच्या आत गेलेलं बरं."

"आणि माळ्यावरचं?"

"विक. सगळं विक."

मानसीने आईकडे पाहिलं. प्रेमा घरात शिरलेली होती. ती बाहेर आली तेव्हा अंगावर चांगली साडी होती आणि काखेत कापडी पिशवी. वाटेत तिने पिशवी जयंतीपुढे उघडली.

"घे गं. बावीस वर्षांचं व्याज समज."

जयंतीने आत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरकली. "नको गं बाई. उद्या परत हरवलं तर माझंच नाव."

प्रेमा टेम्पोशी आली. "सरका."

गुणाजी सरकला. तिने पिशवी मांडीवर घेतली, दार ओढून घेतलं, पहिल्यांदा नीट लागलं नाही म्हणून पुन्हा ओढलं. टेम्पो वळला. आत काहीतरी पत्र्याचं खणखणलं.

"काय आहे त्यात? सामान आणू नका म्हणालाय तो."

"हे सामान नाही," प्रेमा म्हणाली आणि इडलीच्या भांड्यावर हात ठेवला. "हे लागेल."

गुणाजीने पायाशी ठेवलेला सुतळीचा गोळा घेतला, पिशवीच्या तोंडाला दोन वेढे दिले, आणि गाठ मारायला गेलेला हात तिथेच धरून ठेवला. मग सुतळी नुसतीच बोटांना गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसला. मानखुर्दचा पूल आला तरी त्याचं तेच चाललं होतं.